मऊ गाठींची सुईची तपासणी (एफएनएसी): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पॅथॉलॉजिस्ट आहे आणि गोव्यात सायटॉलॉजीच्या, म्हणजे पेशी तपासण्याच्या टेबलावर काम करते. मांडीत, दंडात, पाठीवर, पोटाच्या भिंतीत आलेल्या गाठी घेऊन पेडण्यापासून काणकोणपर्यंतची आणि पत्रादेवीपलीकडून बांदा, सावंतवाडी, दोडामार्गहूनही माणसं येतात. प्रश्न बहुतेक तेच असतात आणि ओपीडीच्या गर्दीत त्यांना अर्धंमुर्धं उत्तर मिळतं. म्हणून इथे सावकाश लिहिलं आहे. थायरॉइड, स्तन आणि लसिकाग्रंथींच्या गाठी या पानावर नाहीत. इथे फक्त त्वचेखालच्या चरबीत, स्नायूत, नसांच्या (मज्जातंतूंच्या) आणि सांध्यांच्या आसपास येणाऱ्या गाठींबद्दल आहे, आणि त्यातही ज्या रोज दिसत नाहीत त्यांच्याबद्दल जास्त.

एफएनएसीमध्ये नक्की काय करतात?

बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून काचेवर पसरवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. सुई २२ ते २५ नंबरची असते. नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, त्यामुळे ही सुई रक्त काढायच्या सुईएवढी किंवा तिच्याहून बारीक असते. त्वचा स्पिरिटने पुसायची, गाठ एका हाताच्या बोटांत घट्ट धरायची, सुई आत गेली की सिरिंजचा दट्ट्या मागे ओढायचा आणि गाठीतल्या गाठीत दिशा बदलत सुई काही वेळा पुढेमागे करायची. बाहेर काढण्याआधी दट्ट्या सोडायचा, नाहीतर सुईच्या पोकळीतलं मटेरियल सिरिंजमध्ये उडतं आणि काचेवर काही उरत नाही. एका टोचणीला मिनिटही लागत नाही. अशा दोन-तीन टोचण्या होतात.

मग तो थेंब काचेवर पडतो. सूक्ष्मदर्शकाखाली जाण्याआधीच तो बरंच सांगतो, म्हणून मी आधी तो उजेडात धरून बघते. चरबीच्या गाठीतून तेलाचे चमकते ठिपके येतात आणि काही केल्या वाळत नाहीत. मनगटावरच्या गँग्लियन नावाच्या पाणगाठीतून पारदर्शक, तार धरणारी जेली येते. क्षयाच्या थंड गळवातून पिवळसर, गुठळ्या गुठळ्यांचा पू येतो. गाउटच्या गाठीतून ओल्या खडूसारखं पांढरं येतं. ते पाण्याच्या फॉर्मेलिनमध्ये टाकलं तर त्यातले युरिक आम्लाचे स्फटिक विरघळून जातात आणि निदानही त्यांच्याबरोबर जातं. म्हणून त्याची एक काच कोरडीच ठेवायची असते.

काही काचा हवेत वाळवून गिम्साच्या रंगात घालतात, काही ओल्या असतानाच अल्कोहोलमध्ये बुडवून पॅपनिकोलाउच्या रंगात. सुई धुऊन जे निघतं त्याचा मेणात बसवून सेल ब्लॉक करतात. गाठ दुर्मीळ निघाली तर पुढच्या खास चाचण्या बहुधा याच ब्लॉकवर होतात. म्हणून आम्ही "अजून एकदा टोचू या का?" असं विचारलं तर घाबरू नका. ती जादा टोचणी बहुतेक वेळा या ब्लॉकसाठीच असते.

दुखतं का? उपाशी यावं लागतं का?

इंजेक्शनइतकंच दुखतं, भूल सहसा लागत नाही. जेवून या. मधुमेहाच्या लोकांनी तर नक्कीच जेवून यायचं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, पण स्वतःहून बंद करू नका. नंतर पाच मिनिटं कापूस दाबून धरायचा. कधी निळसर डाग पडतो, तो आठवड्याभरात जातो. छातीच्या भिंतीवरच्या गाठीत सुई फार खोल गेल्यास फुप्फुसाला लागण्याचा धोका असतो, पण तो क्वचित.

एक मात्र लक्षात ठेवा. सुई आत गेल्यावर बोटांपर्यंत विजेसारखा झणका गेला तर सोसत बसू नका, तिथल्या तिथे बोला. तो झणका आमच्यासाठी निदानाचा धागा असतो. नसेच्या आवरणातून निघणाऱ्या श्वानोमा नावाच्या साध्या गाठीची ती जुनी ओळखीची खूण आहे, आणि ती कळली की आम्ही पुन्हा तिथे टोचत नाही.

सुई लावली की गाठ चिडते, कॅन्सर पसरतो, हे खरं का?

नाही. माझ्या टेबलापर्यंत यायला लोकांना सगळ्यात जास्त उशीर याच भीतीने होतो. इतक्या बारीक सुईच्या वाटेने गाठ पसरणं अत्यंत दुर्मीळ आहे. गाठ आधीपासूनच झपाट्याने वाढत असते, त्याच काळात सुई लावली जाते आणि दोष सुईच्या माथी येतो. ही पद्धत नवीही नाही. १९३० साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी सुईने काढलेल्या गाठींचा अनुभव प्रसिद्ध केला, तेव्हाची सुई १८ नंबरची, म्हणजे बरीच जाड होती. पुढे स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेत आजची बारीक सुई रुळली.

जाड सुईच्या बायप्सीत मात्र सुईची वाट कुठून जाते याचा विचार लागतो. गाठ सार्कोमा, म्हणजे मऊ ऊतींचा कॅन्सर, असल्याचा संशय असेल तर ज्या सर्जनने पुढे ऑपरेशन करायचं आहे त्यानेच ती जागा ठरवावी, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी ती वाटही गाठीबरोबर काढता येते.

कुठली गाठ लगेच दाखवायची?

५ सेंटिमीटरपेक्षा मोठी, म्हणजे साधारण लिंबाहून मोठी. स्नायूच्या खाली, खोल बसलेली. महिन्या-दोन महिन्यांत वाढलेली. एकदा काढल्यावर पुन्हा त्याच जागी आलेली. यातलं एक जरी लागू पडलं तरी दाखवा. दुखत नाही म्हणजे काळजी नाही, असं समजू नका. सार्कोमा सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाहीत.

आणि "चवथ होऊ दे, मग बघू" असं म्हणू नका. हे वाक्य मी दर श्रावणात ऐकते. चवथ होते, मग दसरा, मग दिवाळी, आणि लिंबाएवढी गाठ नारळाएवढी होऊन येते.

धीर देणारी बाजूही तितकीच खरी आहे. साध्या गाठी आणि सार्कोमा यांचं प्रमाण शंभरास एक असं ढोबळमानाने धरतात. प्रौढांच्या सगळ्या कॅन्सरमध्ये मऊ ऊतींच्या सार्कोमाचा वाटा १ टक्क्याच्या आसपास आहे.

मार लागला होता, त्यानेच गाठ आली ना?

कधी हो. पण बऱ्याचदा मार लागल्यावर हात तिथे जातो आणि आधीपासून असलेली गाठ सापडते. मुका मार लागून साकळलेलं रक्त आठवड्यांमध्ये कमी होत जातं. सहा आठवड्यांनीही ते तेवढंच किंवा मोठं असेल तर तो "जुना मार" राहिला नाही. अशा गाठीला तेल लावून चोळणं, शेकणं, लेप बांधणं यात सोन्यासारखे महिने जातात. चोळून आलेल्या गाठीच्या काचेवर तर नुसतं रक्तच येतं.

मार लागल्यानंतर स्नायूत हाड धरणारी एक गाठही असते, मायोसायटिस ऑसिफिकन्स. सुरुवातीच्या आठवड्यांत तिच्या पेशी इतक्या अवखळ दिसतात की कॅन्सरचा भास होतो. मार लागलेला हे तुम्ही सांगितलं आणि एक्स-रेत कडेने चुना धरलेला दिसला, की आमचं मत बदलतं.

दुर्मीळ गाठी म्हणजे कुठल्या? तुम्हाला काय काय सापडतं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या वर्गीकरणात मऊ ऊतींच्या गाठींचे शंभराहून अधिक प्रकार आहेत. ते सगळे इथे मांडण्यात अर्थ नाही. सुईने निदान झाल्यावर माणसाची पुढची वाटच बदलली, अशा काहींबद्दल मात्र सांगावंसं वाटतं.

पहिली सिझेरियनच्या टाक्याजवळची गाठ. बाई सांगते, "गाठ दर महिन्याला सुजते, दुखते, मग बसते." एवढं ऐकलं की मी पाळीच्या तारखा विचारते. गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशी ऑपरेशनच्या वेळी व्रणात राहून तिथे वाढतात, तो स्कार एंडोमेट्रिओसिस. सुईतून चॉकलेटी रक्त येतं. काचेवर अस्तराच्या पेशींचे चादरीसारखे पुंजके, त्यांच्या भोवतीच्या बारीक पेशी आणि जुनं रक्त गिळून तपकिरी झालेल्या भक्षक पेशी दिसतात. या बायकांना आधी टाक्याचा पू, हर्निया, दोरा राहिला अशी कितीतरी नावं ऐकवलेली असतात, अँटिबायोटिकचे कोर्स झालेले असतात. पाळीचा आणि गाठीचा संबंध मात्र कुणी विचारलेला नसतो. बायकाही लाजून सांगत नाहीत. कृपा करून सांगा.

दुसरी नोड्युलर फॅशिआयटिस. ही तरुण माणसाच्या हाताला, बहुधा कोपराखाली, दोन-तीन आठवड्यांत वाढते आणि क्वचितच ३ सेंटिमीटरच्या पुढे जाते. पेशी भराभर विभागत असतात आणि तरीही गाठ निरुपद्रवी असते. १९५५ मध्ये तिचं पहिलं वर्णन झालं तेच सार्कोमाचा आभास देणारी गाठ म्हणून. २०११ मध्ये तिच्यात यूएसपी६ या जनुकाची फेरजुळणी सापडली आणि आता ते तपासून खात्री करता येते. तिच्यात पेशी वाढत्या जखमेतल्यासारख्या सैल, चिकट पार्श्वभूमीवर विखुरलेल्या दिसतात, पण त्यांची केंद्रकं एकसारखी, सौम्य असतात. काचेवर हे दिसलं आणि वय, जागा, आकार, वाढीचा वेग सगळं जुळलं, तर आम्ही लिहितो की काही आठवडे थांबून बघा. पुष्कळदा ती आपोआप विरते. कापाकापी टळते, हाताची ताकद वाचते.

तिसरी स्नायूतला सिस्टिसर्कस. ही डुकराच्या मांसातून येणाऱ्या फीतकृमीची अळी. "मी तर शुद्ध शाकाहारी" असं ऐकून घेतल्यावर मला दर वेळी समजवावं लागतं की अळी शरीरात येते ती कृमीच्या अंड्यांमधून, आणि अंडी न धुतलेल्या भाजीवर, दूषित पाण्यात, स्वयंपाक करणाऱ्याच्या हातांवर असू शकतात. सुईतून थोडं स्वच्छ पाणी येतं आणि त्यात अळीच्या पिशवीचा लाटालाटांचा पापुद्रा. पहिल्यांदा बघणाऱ्याला तो कचरा वाटतो. इथे पुढचं पाऊल महत्त्वाचं. औषध सुरू करण्याआधी मेंदूत आणि डोळ्यांत अळी नाही ना, हे डॉक्टरांना बघू द्या.

कुळागरात (बागायतीत) काम करणाऱ्यांना, नारळ पाडणाऱ्या पाडेल्यांना, शेतकऱ्यांना मी काट्याबद्दल मुद्दाम विचारते. बांबूची कुसळ, लाकडाची धस आत मोडते, माणूस विसरून जातो आणि महिन्यांनी तिथे न दुखणारी, पाण्याच्या फुग्यासारखी गाठ येते. तिच्या पुवात कधी कधी तपकिरी रंगाच्या बुरशीचे तंतू सापडतात. रंग न लावताही ते तपकिरीच दिसतात. ही गाठ कॅन्सरची नसते, पण नुसत्या अँटिबायोटिकने ती बरीही होत नाही.

पन्नाशीच्या पुढच्या बाईच्या खवाट्याखाली, हात पुढे नेला की वर येणारी गाठ एलास्टोफायब्रोमा असू शकते. अनेकदा ती दोन्ही बाजूंना असते. पेशी फार मिळत नाहीत, पण लवचिक तंतूंचे नेच्याच्या पानासारखे तुकडे दिसले की ओळख पटते. जिभेवर किंवा कातडीखाली येणारा ग्रॅन्युलर सेल ट्यूमर १९२६ मध्ये अब्रिकोसॉफ यांनी वर्णन केला तेव्हा तो स्नायूचा समजला गेला, पुढे तो नसेच्या आवरणाचा निघाला. बोटावरची कडक गाठ, नखाखालचा थंडीत ठणकणारा ठिपका, यांनाही आपापली नावं आहेत.

आणि मांडीतली खोल, मऊ, न दुखणारी गाठ. तिला सगळे चरबीची गाठ म्हणतात. सुईतून तेलाऐवजी चिकट, चकाकती जेली आली आणि गिम्सात ती जांभळट-गुलाबी रंगली, तिच्यात बारीक फांद्या फुटत गेलेल्या केशवाहिन्यांचं जाळं आणि एखाद-दुसरी चरबीचे थेंब पोटात घेतलेली पेशी दिसली, की मिक्सॉइड लायपोसार्कोमाचा विचार करावाच लागतो. त्या दिवशी मी रिपोर्ट टाइप होण्याची वाट बघत नाही, सर्जनला फोन करते.

सुईने सगळं कळतं का? मग पुन्हा बायप्सी का सांगतात?

सगळं कळत नाही. सुईत पेशी येतात, त्यांची मांडणी फारशी येत नाही, आणि मऊ ऊतींच्या गाठींत नाव पुष्कळदा मांडणीवरच ठरतं. गाठ साधी की घातक, क्षय आहे का, दुसरीकडचा कॅन्सर इथे आला आहे का, काढलेली गाठ परत आली आहे का, हे सुई बऱ्यापैकी भरवशाने सांगते. पहिल्यांदाच आलेल्या सार्कोमाचा नेमका प्रकार आणि ग्रेड, म्हणजे तो किती आक्रमक आहे, हे मात्र जाड सुईच्या बायप्सीवर ठरवणं योग्य. १४ किंवा १६ नंबरच्या सुईने मांसाच्या बारीक दोऱ्या काढतात आणि त्यावर डेस्मिन, एस-१००, सीडी३४ असे, पेशी कुठल्या प्रकारच्या ते ओळखायला मदत करणारे मार्कर लावतात. काही गाठींत जनुकांची तपासणीही लागते.

चरबीच्या मोठ्या, खोल गाठींत तर सुई फसवू शकते. तिथल्या कमी प्रतीच्या घातक गाठीतही बहुतेक भाग नेहमीच्या चरबीसारखाच असतो. सुई तिथे गेली तर रिपोर्ट "चरबी" असाच येणार. म्हणून १० सेंटिमीटरच्या खोल गाठीत माझ्या रिपोर्टपेक्षा एमआरआय आणि एमडीएम२ या जनुकाची चाचणी यांना जास्त वजन द्या.

रिपोर्टमधल्या इंग्रजी ओळींचा अर्थ काय?

"अनसॅटिस्फॅक्टरी" किंवा "नॉन-डायग्नोस्टिक": पुरेशा पेशी मिळाल्या नाहीत. याचा अर्थ "काही नाही" असा होत नाही. हा कागद बघून सुटकेचा श्वास सोडलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून जोर देऊन सांगते. पुन्हा टोचायचं, जमल्यास सोनोग्राफीखाली.

"बिनाइन": घातक नाही.

"स्पिंडल सेल लिजन": होडीसारख्या, दोन्ही टोकांना निमुळत्या पेशी दिसल्या. अशा पेशी व्रणात असतात, नसेच्या साध्या गाठीत असतात आणि सार्कोमातही असतात. हे निदान नाही, पुढच्या तपासण्या कुठल्या दिशेने करायच्या ते यातून कळतं. या ओळीवरून घाबरून रात्र काढू नका आणि "कॅन्सर लिहिलं नाही ना" म्हणून कागद कपाटातही ठेवू नका.

"एटिपिकल", "सस्पिशस": पेशी नेहमीसारख्या नाहीत. "एटिपिकल"पेक्षा "सस्पिशस"मध्ये संशय जास्त. दोन्हीत बायप्सी हवी.

"क्लिनिकल कोरिलेशन": गाठ हाताने तपासलेल्या डॉक्टरांनी हा रिपोर्ट एमआरआय आणि तुमच्या हकिगतीशी ताडून बघावा. ही ओळ आम्ही सवयीने लिहितो असं लोकांना वाटतं. दुर्मीळ गाठींत तीच सगळ्यात कामाची असते.

एवढं करण्यापेक्षा गाठ सरळ काढूनच टाकली तर?

त्वचेखालची छोटी, सरकणारी गाठ असेल तर सर्जन काढतीलही. मोठी, खोल गाठ मात्र निदानाशिवाय काढायची नाही. दंडातली "चरबीची गाठ" जागेवर भूल देऊन काढलेला एक माणूस माझ्याकडे आला होता. कुठे काढली ते इथे महत्त्वाचं नाही. काढलेली गाठ तपासणीला पाठवलीच नव्हती, टाकून दिली होती. सात महिन्यांनी व्रणाखाली पुन्हा फुगलं आणि माझ्या काचेवर सार्कोमा आला. पहिल्याच वेळी सुई लावली असती तर गाठ भोवतालच्या निरोगी मांसासकट एकाच ऑपरेशनमध्ये काढता आली असती. आता व्रण, टाके, रक्त साकळलेली जागा असं सगळंच काढावं लागलं, आणि खांद्याची हालचाल पूर्वीसारखी राहिली नाही.

गाठ कितीही साधी वाटो, काढली की हिस्टोपॅथॉलॉजीला, म्हणजे काढलेल्या मांसाच्या तपासणीला, पाठवायला सांगा. बाटली आणि फॉर्म तुमच्या हाती देत असतील तर स्वतः नेऊन द्या.

कुठे करायची? येताना काय आणायचं?

वरवरची गाठ कुठलाही अनुभवी पॅथॉलॉजिस्ट टोचू शकतो. खोल गाठीला सोनोग्राफी किंवा सीटीखाली सुई लावावी लागते. सार्कोमाचा संशय असेल तर सर्जन, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट एकमेकांशी बोलू शकतील अशा ठिकाणी जा. आपल्याकडे सर्वसामान्य माणसासाठी ते म्हणजे बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), ज्याची मुळं १८४२ च्या पोर्तुगीजकालीन वैद्यकीय शाळेत आहेत. खोल, मोठ्या गाठीचा एमआरआय बायप्सीच्या आधी करून घ्यावा, कारण टोचल्यावर आत झालेला रक्तस्राव चित्रात गोंधळ घालतो.

येताना जुने रिपोर्ट, फिल्म आणि आधी गाठ काढली असेल तर तिच्या स्लाइड आणा. घाडीकडे (गावच्या मांत्रिकाकडे) गेला असाल, गावठी लेप लावला असेल, तेही सांगा. कुणी रागावणार नाही. गाठ हाताला ठोके देत असेल, म्हणजे नाडीसारखी उडत असेल, तर सुई लावण्याआधी सांगणं फार गरजेचं आहे. ती रक्तवाहिनीचा फुगा असू शकते.

मुंबईला दुसरं मत घ्यायचं असेल तर?

जरूर घ्या, आम्हाला वाईट वाटत नाही. दुर्मीळ गाठींत तर मीच सुचवते. पण परळच्या टाटा मेमोरियलला नुसता कागद घेऊन गेलात तर मडगावहून रात्रभर केलेला प्रवास फुकट जातो. तिथल्या पॅथॉलॉजिस्टला पेशी बघायच्या असतात. मूळ स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक लेखी मागून घ्या, त्यांचे नंबर रिपोर्टवरच्या नंबरशी जुळवून बघा. स्लाइड प्लॅस्टिकच्या खाचांच्या डबीत न्या. कागदात गुंडाळून रबर लावलेल्या काचा फुटतात. ब्लॉक उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका.

लहान मुलांना करता येते का?

येते. आई मांडीवर घट्ट धरते, काम अर्ध्या मिनिटात होतं. मुलांच्या गालावर, भुवईजवळ, मानेवर खड्यासारखी कडक गाठ आली तर ती पुष्कळदा केसाच्या मुळापासून निघालेली पायलोमॅट्रिक्सोमा असते. सुईला आत कचकच लागते. काचेवर भुतासारख्या पेशी दिसतात, केंद्रकाच्या जागी नुसता पोकळ ठसा उरलेल्या. त्या दिसल्या की निदान सोपं. सुई कडेला जाऊन नुसत्या बारीक गडद पेशी आल्या तर मात्र अनुभवी डोळाही चुकून कॅन्सर म्हणू शकतो. मुलाच्या चेहऱ्यावरच्या कडक, छोट्या गाठीचा रिपोर्ट भीतीदायक आला, तर पुढचं काही ठरवण्याआधी स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा.

रिपोर्ट चांगला आला, पण गाठ तशीच आहे. आता?

गाठ मोजून ठेवा. शिवणकामाची टेप घ्या, सगळ्यात लांब बाजू आणि तिच्या आडवी बाजू मोजा, तारखेसकट कॅलेंडरवर लिहा. त्याच टेपने दर महिन्याला मोजा आणि मोबाइलवर एक फोटो काढा. तीन महिन्यांनी आकडा तोच असेल तर सर्जनला नेहमीच्या तारखेला भेटा. वाढला असेल तर तारखेची वाट न बघता तो कागद आणि जुना रिपोर्ट घेऊन या. आम्ही पुन्हा सुई लावू, पहिली काचही पुन्हा काढून बघू.